तहानेची राखण

त्या वर्षी कोरड्या शेताला पाणी मी पाजलं.

दुसऱ्या कुठल्या गावात शेताला पाणी दिलं म्हणून कोणाची मान खाली जात नसेल. आमच्या गव्हाच्या संशोधन केंद्रावर जाते. आमच्याकडे पाटाच्या डाव्या अंगाला ओलं शेत आणि उजव्या अंगाला कोरडं. ओल्याला लागेल तसं पाणी. कोरड्याला पेरणीच्या वेळी एकदा, घसा ओला होईल एवढं, आणि मग कापणीपर्यंत थेंब नाही. त्या तहानेत जो गहू तग धरेल तो पुढच्या यादीत, जो मान टाकेल तो कोंबड्यांना. याकी नदीच्या सगळ्या खोऱ्यात लोक पिकाला तहान लागू नये म्हणून उरस्फोड करतात. आम्ही तहानेची राखण करतो.

फेब्रुवारी संपत आला होता, गहू निसवला होता, आणि नेमकी त्या दिवशी आमच्या पाटकऱ्याची दाढ काढायची होती. जाताना तो गाल धरून मला म्हणाला, "निकानोर, दोन तास दारं धर. डावीकडच्या चार फळ्या उचलायच्या. डावीकडच्या."

"मला डावं-उजवं कळतं," मी म्हणालो.

कळत होतं. पण त्याच वेळी दहा-बारा परदेशी पाहुणे शेतात आले आणि लिब्रादाभोवती कोंडाळं करून उभे राहिले. ती तिच्या तिपाईवर बसून गव्हाची फुलं साफ करत होती, आणि हे लोक देवळात बोलावं तसं दबक्या आवाजात बोलत होते. एकानं कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला आणि मला हातानं खूण केली, की जरा बाजूला व्हा. मी तिच्यामागं पाटावर फावडं घेऊन उभा होतो. फोटोत येत होतो.

मी बाजूला झालो, हाताला येतील त्या चार फळ्या उचलल्या, आणि ती पाहुण्यांना काय सांगतेय ते ऐकायला पुढं सरकलो. ती काहीच सांगत नव्हती. तरी मी अर्धा तास ऐकत राहिलो.

मागं वळलो तेव्हा उजवं शेत चमकत होतं. पाणी दोनशे दहा नंबरच्या वाफ्यात शिरलं होतं आणि पुढं सरकत होतं. चार वाफ्यांपलीकडं लिब्रादाची खुंटी होती, दोनशे चौदा. धावलो असतो तर वेळेत पोचलो असतो. मी चालत गेलो.

फळ्या परत बसवल्या तोवर बावीस वाफ्यांच्या वरच्या अर्ध्या भागात पाणी होतं.

आता लिब्रादा कोण, ते सांगतो. लिब्रादा बुइतिमेआ आमच्याकडे आली ती हातात झाडू घेऊन. त्याआधी टोमॅटोच्या पॅकिंगमध्ये होती. मळणीच्या शेडमधला भुसा झाडायचा, एवढंच तिचं काम. बुटकी, रुंद, डोक्यावर कायम तोच निळा रुमाल, बोलणं मोजकं. एका हंगामात आमच्यातली एक बाई बाळंतपणाला गेली आणि इंजिनियर सालसिदो मला म्हणाले, "निकानोर, या झाडणाऱ्या बाईला चिमटा धरायला शिकवा." आमच्याकडे शेतकीतलं शिकलेल्यालाही इंजिनियरच म्हणतात. तर शिकवलं मीच. हे मी अजूनही सगळ्यांना सांगतो, न विचारता.

आमचं काम म्हणजे गव्हाची लग्नं लावणं. ऊन सोसणारा एक, दाणा चांगला भरणारा दुसरा, त्यांची गाठ घालून द्यायची. गव्हाच्या एकेका फुलात तीन पुंकेसर असतात, हिरवे, मुंगीच्या अंड्याएवढे. ते पिकायच्या आत चिमट्यानं काढायचे. एक जरी फुटला तरी गहू स्वतःशीच लग्न लावून मोकळा होतो आणि आपण वरात घेऊन पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. मग ओंबीवर कागदी पिशवी. तीन दिवसांनी नवरदेवाची ओंबी आणून पिशवीत उलटी धरून गरकन फिरवायची. पिशवीवर आईबापाचे नंबर, तारीख, आणि लग्न लावणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं. महिन्यानं पिशवी उघडून दाणे मोजले, की कोणाचा हात कसा ते सगळ्या गावाला कळतं.

माझ्या पिशवीत तीस दाणे निघायचे. कधी बत्तीस. वीस वर्षं केंद्रावर माझ्या पुढं कोणी नव्हतं. लिब्रादाच्या पहिल्या वर्षी बारा निघाले आणि मी तिची समजूत घातली. फार छान घातली, अजून आठवते. दुसऱ्या वर्षी तीस. तिसऱ्या वर्षी चव्वेचाळीस. मी तिच्या पिशव्या लपून पुन्हा मोजल्या. दोन जास्त निघाले.

"तुम्ही वेगळं काय करता?" एकदा न राहवून विचारलं.

"काही नाही, कोंपाद्रे. तुम्ही शिकवलंत तसंच."

याच्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कोंपाद्रे अशासाठी, की तिच्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला मी आणि माझी बायको चायो धर्माचे आईबाप म्हणून उभे राहिलो होतो. तिच्या ओंब्या माझ्या पुढं गेल्या त्या नंतरच्या वर्षी. आधी गेल्या असत्या तर मी कंबरदुखी काढून बाप्तिस्मा टाळला असता. आता इलाज नव्हता. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावंडांपेक्षा जड. ती मला कोंपाद्रे म्हणणार, मी तिला कोमाद्रे. एकमेकांना अहोजाहो करायचं, वाकडं बोलायचं नाही, दुखण्याखुपण्याला रस्सा पोचवायचा. मला न्यूमोनिया झाला तेव्हा तिनं आठ दिवस रस्सा पोचवला. चांगला होता. तेही खटकलं.

चायो म्हणायची, "कॉफीत साखर किती विचारलं तरी तुमचं उत्तर लिब्रादापासून सुरू होतं. प्रेमात पडलेला पुरुषही एवढं नाव घेत नाही."

"प्रेमाचं काय काढतेस या वयात?"

"प्रेम असतं तर मला काळजी नव्हती. ते दोन वर्षांत उतरतं."

दोनशे चौदाची गोष्ट अशी, की तो वाफा लिब्रादाचा म्हणायचा तो नुसता तिच्या हातचा म्हणून नव्हे. कोणाचं लग्न कोणाशी ते इंजिनियर ठरवतात, आम्ही फक्त लावतो. पण सात वर्षांपूर्वी तिनं आईच्या घरून रुमालाच्या गाठीत मूठभर जुना पांढरा गहू आणला. तिची आई खाली याकी लोकांच्या गावात राहते. नदीला त्यांचं नाव, पण त्यांच्या कालव्यात बेडूकसुद्धा राहत नाही. म्हातारी परसात हा गहू पेरायची. कंबरेच्या वर जाणारा, वाऱ्यानं आडवा होणारा, दाणा थोडा. पण पाणी नाही म्हणून तो कधी मेला नाही, आणि त्याच्या तोर्तिया, म्हणजे आमच्या पातळ पोळ्या, मांड्यासारख्या हातावर फिरवून ताणल्या तरी फाटत नाहीत.

लिब्रादा गाठ घेऊन इंजिनियर सालसिदोंच्या टेबलापुढं उभी राहिली. मी तिथंच पेन्सिलीला टोक करत होतो.

"इंजिनियर, एक लग्न माझ्या पसंतीचं लावू का?"

"माहेरचा नवरदेव आणलात वाटतं?"

"हो. उंच आहे, पोक काढून चालतो. पण उपाशी राहायची सवय आहे."

इंजिनियर हसले आणि हो म्हणाले. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. पंचवीस वर्षांत मला कोणी म्हणालं नव्हतं, निकानोर, एक तुमच्या पसंतीचं लावा. मी कधी विचारलं नव्हतं हे खरं. पण म्हणायला त्यांचं काय जात होतं?

त्या लग्नाची पोरंबाळं ती दरवर्षी स्वतः निवडत आली. उभी राहणारी ठेवायची, आडवी होणारी काढायची. दुपारी पानाची सुरळी करून बसणारी ठेवायची, हातपाय पसरणारी काढायची. सहाव्या वर्षी त्यातलं एक कोरड्या शेतात गेलं आणि पास झालं. आमचा नियम असा, की लागोपाठ दोन कोरडी वर्षं पास झालं तर बी पोत्यात भरून गावोगाव पाठवतात. दुसऱ्या वर्षी दाण्याच्या वजनाचा काटा अडला, मग कारण काही का असेना, तर नंबर खोडतात. शेत लहान, उमेदवार फार. हे ते दुसरं वर्ष होतं. म्हातारी एक्याऐंशीची. दर रविवारी लेकीला विचारायची, "माझा नातू पास झाला का?" आणि लिब्रादा सोमवारी येऊन ते मला सांगायची, कारण कोंपाद्रेला नाही सांगायचं तर कोणाला.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्या ओल्या वाफ्यांपाशी उभे होतो. पाटकरी सुजल्या गालानं माझ्याकडं बघत होता.

"घुशीनं बांध पोखरला असेल," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

"या दिवसांत?" पाटकरी म्हणाला.

"घुशीला काय कॅलेंडर दाखवतोस?"

एकदोघं हसले. लिब्रादा पाटावर गेली. तिनं उजवीकडची एक फळी उचलून बघितली, पुन्हा जागेवर ठेवली, आणि शेतात येऊन उकिडवी बसली. इंजिनियरांनी वही काढली होती. "बावीस वाफे बाद," ते म्हणाले. "दोनशे चौदाही. वाईट वाटतं, लिब्रादाबाई. पण पाणी प्यायलेल्याला उपाशांच्या रांगेत कसं उभं करू?"

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच त्याची लाज. दोन्ही माझंच होतं, नाकारून उपयोग नाही.

लिब्रादानं फावडं मागितलं. वाफ्याच्या मधोमध खणलं, मग दोन पावलं खाली, मग आणखी दोन. हात कोपरापर्यंत खड्ड्यात घालून माती काढली आणि इंजिनियरांच्या पुढं धरली. माती राखेसारखी होती.

"खालचा अर्धा कोरडा आहे," ती म्हणाली. "ओल संपते तिथून दोन पावलं सोडा. त्याच्या खालचंच वजन करा."

"बाकीच्यांचं अख्ख्या वाफ्याचं आणि यांचं अर्ध्याचं? तसं चालत नाही."

"सगळ्यांचं अर्ध्याचंच करा."

"दोनशे साठ वाफे आहेत, बाई. कापणीच्या यंत्राला अर्धा वाफा कळत नाही. वरचा अर्धा भाग आधी हातानं कापावा लागेल, सगळ्यांचा, मगच यंत्र खाली घालता येईल. ऐन कापणीत. माणसं कुठून देऊ?"

"आम्ही कापू. मी आणि माझे कोंपाद्रे."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छाती काढली. दुसरं काय करणार?

घरी चायोला सांगितलं, "एवढ्या माणसांत तिनं माझंच नाव घेतलं. शेवटी अनुभव लागतोच." चायोनं तव्यावरची तोर्तिया उलटली आणि दुसरी ताणायला घेतली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही विळे घेऊन उतरलो. आठ वाजता सावली संपायची, अकराला विळ्याची मूठ तापायची, एक वाजता पक्षीसुद्धा पाटाच्या पुलाखाली जाऊन बसायचे. आणि काम कसलं, तर ज्याचं वजन कोणी करणार नाही असा गहू कापायचा. कोंबड्यांसाठी. जन्मात इतकं निरर्थक काम मी इतक्या काळजीनं केलं नव्हतं. दोरी लावून, रेघेवर, एक काडी इकडची तिकडं नाही.

पहिल्या दिवशी माझे बारा वाफे झाले. तिचे सतरा. दुसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला थांबलो नाही. माझे चौदा. तिचे सतरा.

"कोंपाद्रे, पाणी प्या. पडाल."

"मला तहान नाही."

"मग तुम्हालाच लावू पुढच्या वर्षी कोरड्या शेतात."

तिसऱ्या दिवशी ती जेवणाच्या डब्यातनं माचाका, म्हणजे वाळवून कुटलेलं मांस, आणि घेवडा घालून केलेली तोर्तिया माझ्या हातात देत म्हणाली, "आई विचारत होती, कोण मदतीला आहे म्हणून. तुमचं नाव सांगितलं. म्हणाली, देवमाणूस आहे." तो घास मी बराच वेळ चावत राहिलो.

पाचव्या दिवशी मी सांगायचं ठरवलं. विळा खाली ठेवला, टोपी काढली. "कोमाद्रे, त्या पाण्याचं एक..."

"ती दोरी वाकडी झालीय," ती म्हणाली. मी दोरी सरळ केली. सरळ करेपर्यंत धीर गेला.

त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी तिच्या हाताकडं बघून कापतोय. ती मूठ जरा खाली धरते, मनगट फिरवत नाही, कोपरातून ओढते. मी तसं करून बघितलं. माझे सोळा झाले. आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ राग, की हेही तिच्याकडून. आठव्या दिवशी संध्याकाळी विळे खाली ठेवले. दोघांच्या हाताला सारखेच फोड होते. मी चोरून मोजले. इथं मात्र मी एकानं पुढं होतो.

मग यंत्र आलं, खालचे अर्धे वाफे कापले गेले, पिशव्या काट्यावर चढल्या. आकडे इंजिनियरांच्या वहीत बंद झाले. मेमध्ये हंगाम संपला की आमच्याकडे शेडमागं निखारे पेटवतात, मांस भाजतात, आणि पुढच्या यादीत कोण गेलं ते इंजिनियर वाचून दाखवतात. दोन्ही वर्षं पास झालेले चाळीस नंबर, बहुतेक जुनेच. ज्याचा नवा नंबर त्या वर्षी यादीत शिरतो, निखाऱ्यावरचा पहिला तुकडा त्याचा. मला तो शेवटचा मिळाला तेव्हा माझे सगळे दात शाबूत होते.

इंजिनियर वाचू लागले. माझ्या हातचे दोन जुने नंबर होते, सहावा आणि एकोणिसावा. कोणी टाळी वाजवली नाही, कारण माझे दोन-तीन असतातच; घड्याळात बारा वाजल्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही. वीस गेले, तीस गेले. लिब्रादा बाकावर दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसली होती. पस्तीस. छत्तीस. मी तिच्याकडं बघत होतो आणि माझे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला नीट आठवत नाही. चायो शेजारी होती. ती नंतर म्हणाली, "दोनशे चौदा, दोनशे चौदा म्हणत होतात. जपमाळ ओढल्यासारखं." चायोवर विश्वास ठेवावा लागतो.

"अडतीस," इंजिनियर म्हणाले. "दोनशे चौदा."

अख्खी शेड ओरडली. पाटकऱ्यानं टोपी उडवली. सहावा आला त्याला कोणी विचारत नव्हतं, आणि अडतिसाव्यासाठी लोक बाकावर चढले होते. लिब्रादा उठली, निळा रुमाल सोडून पुन्हा बांधला, फोनवरून आईला फक्त "झाला" एवढं सांगितलं. मग तिनं पहिला तुकडा तोर्तियेत गुंडाळून घेतला आणि सगळाच्या सगळा एकटीनं खाल्ला, डोळे मिटून. अर्धा मला देईल असं मला वाटलं होतं. तिच्या मनातही आलं नाही.

मी माझी थाळी घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसलो. आता निदान कौतुकाचा एक शब्द माझ्या वाट्याचा होता. तो मला सगळ्यांच्या देखत तिच्या तोंडून हवा होता. मोठ्या आवाजात, आसपासच्या दोन बाकांना ऐकू जाईल असं मी विचारलं, "कोमाद्रे, एक सांगा. केंद्रावर एवढी तरणीताठी माणसं होती, पाटकरी होता. कापायला तुम्ही माझंच नाव का घेतलंत?"

लिब्रादानं बोटं चाटून पुसली आणि म्हणाली, "पाणी तुम्ही सोडलंत, मग कापायला काय पाटकऱ्याला बोलावू?"